हलक्या पाण्याचे यंत्र आणि विहिरीवरचा राक्षस

सुज्ञ वाचकहो, विज्ञानकथा लिहिणे अधिक जोखमीचे की अद्भुतकथा लिहिणे, या गहन प्रश्नाचा निकाल प्रस्तुत लेखात लावण्यात येणार आहे. हा निकाल पाणीपुरवठा कार्यालयातील एका साध्या कारकुनाने स्वतःच्या अब्रूवर प्रयोग करून मिळवलेला आहे, याची वाचकांनी प्रथम नोंद घ्यावी. विद्वान लोक असे प्रयोग दुसऱ्याच्या अब्रूवर करतात, म्हणून त्यांचे निकाल कच्चे राहतात.

या कारकुनास, ते राहत ती सारी इमारत आवकराव म्हणत असे. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद ज्या खिडकीतून आत शिरतो, त्या आवक खिडकीवर ते बसत. कागदावर शिक्का मारावा, क्रमांक घालावा, विषय लिहावा आणि कागद योग्य त्या ढिगावर ठेवावा, एवढेच त्यांचे कर्तव्य. परंतु ते कर्तव्य ते अशा गांभीर्याने बजावीत की पाहणाऱ्यास वाटावे, शिक्का खाली येताक्षणी कुणाचे तरी नशीब ठरत आहे.

अशा या गृहस्थांच्या वाचनात आले, की एक मासिक विज्ञानकथांचा विशेष अंक काढणार असून नवोदितांस त्यात मुक्तद्वार आहे. झाले! आवकरावांच्या अंगात लेखक संचारला. जेवणाच्या ताटावर बसून त्यांनी पत्नीस तसे जाहीर केले.

"तुम्हाला घरातला मिक्सर चालू करता येत नाही," पत्नी म्हणाली. "विज्ञान कुठून आणणार?"

"विज्ञानाची तितकीशी गरज नसते. कल्पनाशक्ती लागते."

"मग ती तरी कुठून आणणार?"

आवकरावांनी भाताचा घास घेतला. थोर लेखकांची घरात अशीच उपेक्षा होते, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि उपेक्षेपुरते तरी आपण थोर लेखकांच्या पंक्तीस बसलो, याचे त्यांना समाधान वाटले.

कल्पना मात्र त्यांना चांगली सुचली, हे शत्रूनेही कबूल करावे. त्यांच्या इमारतीत पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढत नसे. वरच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांना सर्वजण वरच्या मावशी म्हणत. मावशी अंगणातल्या नळावरून बादली बादली पाणी वर नेत आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवलेल्या मोठ्या पिंपात साठवीत. आवकरावांच्या कथेतील शास्त्रज्ञाने असे यंत्र शोधून काढले, की कळ दाबताच पाण्याचे वजन नाहीसे व्हावे आणि ते धुरासारखे आपण होऊन वर चढावे. पंप नको, वीज नको, बादली नको. शेवटी शास्त्रज्ञाचा नायिकेशी विवाह.

पहिले वाचन जिन्याच्या वळणावर झाले. श्रोते दोन. एक आवकरावांचा मेव्हणा, ज्याचे कोपऱ्यावर स्कूटरदुरुस्तीचे दुकान होते, आणि दुसरे समोरच्या दारचे निवृत्त गणिताचे मास्तर. वाचन संपल्यावर लेखकाने अपेक्षेने मान वर केली.

"भाऊजी, एक विचारू?" मेव्हणा म्हणाला. "पाणी हलकं झालं, वर गेलं, इथवर ठीक. पण मावशींनी नळ उघडल्यावर ते बादलीत पडेल कसं? ते तर छताला जाऊन चिकटेल."

आवकरावांनी विचार केला आणि नळाच्या तोंडाशी 'जडकरणी' नावाचे एक उपयंत्र बसवले. ते हलके पाणी पुन्हा जड करी.

"आणि जडकरणी बिघडली तर?" मास्तरांनी विचारले. "माणूस पाणी पिणार, ते पोटात वर चढणार. माणूस जमिनीवर राहील का?"

आवकरावांनी जडकरणीला एक झडप दिली. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने झडपेला स्प्रिंग दिली. मास्तरांनी स्प्रिंगचा ताण काढून दिला. मेव्हण्याने मग साऱ्याची एक आकृती काढली आणि तिला बाण जोडले. प्रत्येक दुरुस्तीगणिक कथेत यंत्राचे भाग वाढत गेले आणि माणसे कमी होत गेली. नायिकेस तर झडपेने जागाच ठेवली नाही. तिचे प्रेम आधी एका परिच्छेदावर आले, मग एका वाक्यावर, आणि अखेरीस शास्त्रज्ञ अविवाहितच राहिला.

"अहो, ही कथा उरली आहे का?" व्याकूळ होऊन आवकरावांनी विचारले.

"उरवायची असेल तर एक सूत्र सांगतो," मास्तर म्हणाले. त्यांना आयुष्यभर सूत्रेच सांगायची सवय. "विज्ञानकथेत खोटं एकच सांगायचं. यंत्र. बाकी जिना, भिंत, बाई, बादली, सगळं मोजून मापून खरं. म्हणजे ते एक खोटं लोक गिळतात."

"आणि अद्भुतकथेत?"

"तिथे उलट. सगळं बिनधास्त खोटं सांगायचं, पण आत एक गोष्ट खरी हवी. ती एक खरी नसली, तर राक्षस नुसता बुजगावणं होतो."

"म्हणजे दोन्हीकडे खोटंच ना?" आतून पत्नीचा आवाज आला. "मग एवढा खल कशाला? जेवायला या."

आवकरावांनी सूत्र शिरोधार्य मानले. त्यांनी आपल्याच इमारतीचा जिना कथेत घेतला, तुटक्या कठड्यासह घेतला. अंगणातला नळ घेतला, त्याखालची खचलेली फरशी घेतली. वरच्या मावशी घेतल्या, त्यांचे पिंप घेतले, पिंपामुळे अर्धेच उघडणारे स्वयंपाकघराचे दार घेतले. एक यंत्र सोडले तर कथेत बोटभर जागा अशी राहिली नाही, जिथे जाऊन कुणाला हात लावून खात्री करता येणार नाही. आकृतीही जोडली. आवकरावांना वाटले, आता ही कथा अमर होणार.

इथे मासिकाची एक अट आडवी आली. नोकरदार लेखकांनी आपल्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र जोडावे. म्हणून आवकरावांनी कथेची प्रत अर्जासह आपल्याच कार्यालयात दाखल करण्याचे ठरवले. दाखल कुठे करायची? आवक खिडकीवर. खिडकीवर कोण? स्वतः तेच. वाचकहो, मनुष्य परक्याच्या हातून घसरला तर सावरतो. स्वतःच्या हातून घसरला तर त्याला धरणार कोण?

त्यांच्या नोंदवहीत कागदांचे प्रकार ठरलेले होते: तक्रार, प्रस्ताव, स्मरणपत्र आणि इतर. 'कथा' असा प्रकार नव्हता. कायद्याने ही कथा 'इतर' मध्ये जायला हवी. परंतु 'इतर' कागदांचे पुढे काय होते हे आवकरावांइतके कुणास ठाऊक असणार? ते कपाटाच्या तळाशी जात आणि तिथून त्यांना वाळवीच बाहेर काढी. आपल्या पोटच्या कथेची अशी गत त्यांना पाहवेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि 'प्रस्ताव' या शब्दाखाली बरोबरची खूण केली. आता विषय. कार्यालयात विषय 'बाबत' या शब्दावर संपलाच पाहिजे, नाहीतर तो विषयच नव्हे. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिले, 'वरच्या मजल्यास विनापंप पाणीपुरवठा करणेबाबत'. शिक्का मारला. आवाजही नेहमीपेक्षा खणखणीत आला.

त्यानंतर कथा त्यांना दिसलीच नाही.

दिसला तो उपअभियंता. एका सकाळी आवकराव दाढीचा साबण लावून खिडकीत उभे असताना खाली अंगणात एक मनुष्य फीत लावून खचलेली फरशी मोजत होता. त्याच्या हातात मेव्हण्याची आकृती होती. आवकरावांच्या गालावरचा साबण तिथेच वाळला.

"वा, तुम्ही इथेच राहता?" उपअभियंता जिना चढताना म्हणाला. "प्रस्ताव तुमचाच ना? मी इतकी वर्षं नोकरी करतो, पण असा प्रस्ताव पाहिला नाही. इतर लोक लिहितात 'अंदाजे', 'सुमारे'. तुमचा कठडा जिथे तुटका लिहिलाय, तिथेच तुटका!"

"साहेब, त्यात थोडं... म्हणजे जरासं कल्पनेचं..."

"कठडा?"

"कठडा नाही."

"मग फरशी?"

"फरशी पण नाही."

"मग झालं तर!" उपअभियंता म्हणाला आणि वर गेला.

आवकरावांना तिथेच सांगून टाकता आले असते. परंतु त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कार्यालयातील कुणी अधिकारी त्यांच्या लेखनाविषयी 'वा' असे प्रथमच म्हणाला होता. ते 'वा' परत करणे त्यांच्याने झाले नाही. अशा वेळी मनुष्य गप्प राहतो आणि त्यास विनय म्हणतो.

वरून मावशींचा आवाज ऐकू आला. "म्हणजे पाणी आपलं आपण वर येणार? यंत्र बसवणार? अगं बाई!" उपअभियंत्याचे उत्तर ऐकू आले नाही, पण तो काही 'नाही' म्हणाला नसावा, कारण त्याला त्या गोष्टीत 'नाही' म्हणण्याचा अधिकारच नव्हता. त्याने जो अहवाल लिहिला त्याची प्रत आवकरावांच्याच हाताखालून पुढे गेली. 'प्रस्तावातील सर्व वर्णन प्रत्यक्ष जागेशी तंतोतंत जुळते. यंत्राबाबत मत देणे या शाखेच्या कक्षेत येत नाही. तथापि, यंत्र बसवण्यापूर्वी वरच्या मजल्यापर्यंत स्वतंत्र नळ व चढता दाब असणे आवश्यक असून त्यास मंजुरी द्यावी.' खाली सही. सहीखाली दुसरी सही. यंत्राला कुणी हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते. नळाला मात्र मंजुरी मिळून गेली होती.

हे वाचून आवकरावांना लाजेने घाम फुटला. पण खरी लाज अजून जिन्यात उभी होती. संध्याकाळी ते घरी परतले, तर भंगारवाला मावशींचे पिंप खांद्यावर घेऊन खाली उतरत होता आणि मावशी मागून त्याला "जपून, कठड्याला लागेल" असे बजावत होत्या.

"मावशी, हे काय?"

"अहो, आता कशाला ते धूड? तुमचं यंत्र येतंय ना! दार पूर्ण उघडलं हो आज, कितीतरी दिवसांनी. स्वयंपाकघरात वारा आला."

"पण मावशी, यंत्राला जरा वेळ..."

"लागू दे की. तुमच्यावर विश्वास आहे माझा. तुम्ही लिहून दिलंय म्हणे, शिक्का मारून."

आवकराव घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पत्नीने एकदा चहा ठेवला, एकदा उचलून नेला.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीने एक दृश्य पाहिले. पाणीपुरवठा कार्यालयाचा एक जबाबदार कर्मचारी पहाटे उठून दोन बादल्या घेऊन अंगणातल्या नळाखाली उभा राही आणि त्या वर नेई. वळणावर टेके, पुन्हा चढे. साठवायला पिंप नव्हते, म्हणून संध्याकाळी पुन्हा.

"यंत्र चाललं वर!" खालून मेव्हणा ओरडे. "भाऊजी, जडकरणी गुडघ्यात बसली वाटतं?"

"वेग कमी आहे," मास्तर दारातून म्हणत. "पण गळती फार नाही. सुधारणेला वाव आहे."

पत्नी शेजारणींना सांगे, "हे हल्ली विज्ञानात असतात."

शेवटी मास्तरांनाच दया आली. "खोटं आहे असं सांगायची लाज वाटते ना? मग सांगू नका," ते म्हणाले. "दुसरी कथा दाखल करा. उघड उघड कथा. राक्षस घाला, बोलणारी विहीर घाला. ती वाचली की कार्यालय आपण होऊन समजेल, की हा मनुष्य कथाकार आहे, आणि दोन्ही कागद परत पाठवेल. राक्षसाचं कुणी मोजमाप घेत नाही."

बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर चांगली जाड काठी वाटत होती. आवकरावांनी अद्भुतकथा लिहायला घेतली, आणि काय आश्चर्य! लेखणी धावू लागली. ना झडप, ना स्प्रिंग, ना मेव्हणा. एका ओसाड राज्यात बोलणारी विहीर होती. विहिरीच्या काठावर एक राक्षस बसून असे. त्याला शिंगे होती आणि दगडाचे शेपूट होते. तहानलेले लोक येत, हात जोडत, आणि राक्षस त्यांच्याकडे न पाहता म्हणे, 'विहीर आता झोपली आहे. उद्या या.' लोक दुसऱ्या दिवशी येत. 'उद्या या.' कथेच्या शेवटी विहीरच राक्षसाला कंटाळून उठून दुसऱ्या राज्यात निघून जाते. आवकरावांना लिहिताना स्वतःलाच हसू आले. पत्नीने ती शेजारपाजारी वाचायला दिली, आणि पहिल्यांदाच कुणी काही दुरुस्ती सुचवली नाही.

ती दाखल करण्याच्या दिवशी मात्र बादल्यांमुळे आवकरावांची कंबर धरली आणि त्यांना रजा घ्यावी लागली. कागद त्यांनी मेव्हण्याबरोबर पाठवला. खिडकीवर त्या दिवशी स्वतः हेडक्लार्क बसले होते. त्यांनी कथा वाचली. लोकांना पाणी मिळत नाही, कुणीतरी अडवून बसले आहे, टोलवाटोलवी चालू आहे. हेडक्लार्कांनी क्षणाचाही विलंब न लावता 'तक्रार' या शब्दाखाली खूण केली. विषय: 'पाणी अडवून ठेवणाऱ्या इसमाबाबत'.

कंबर बरी होऊन आवकराव कामावर गेले, तो पहिल्याच तासाला हेडक्लार्क त्यांच्या टेबलाशी आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "एवढं मनात होतं, तर तोंडावर बोलायचं होतं. शिंगं काय, शेपूट काय! माझ्या खुर्चीमागे टॉवेल लोंबतो, त्यालाच तू शेपूट म्हटलंस ना?"

"साहेब, देवाशप्पथ, तो राक्षस तुम्ही नाही."

"मग कोण?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही, तर मला पहिल्या ओळीतच कसा ओळखू आला?"

दुपारी मीटर विभागाचे प्रमुख आले. त्यांची खात्री होती की राक्षस तेच, कारण ते लोकांकडे न पाहता बोलतात, अशी त्यांची पत्नीही तक्रार करते. नंतर भांडारपाल आला. तो तर रडवेला झाला होता. "मी 'उद्या या' म्हणतो, कबूल. पण सामानच नसतं हो! शिंगं कशाला दिलीत?" सायंकाळपर्यंत कार्यालयात राक्षसपदासाठी इतके दावेदार झाले की ते एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. विज्ञानकथा वाचून सर्वांनी फरशी मोजली होती. अद्भुतकथा वाचून जो तो घरी जाऊन आरसा पाहत होता.

प्रकरण मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवले, चष्मा काढला आणि आवकरावांना उभे केले.

"हे दोन्ही अक्षर तुमचं?"

"होय बाई."

"मग मला एक सांगा. हा राक्षस खरा की काल्पनिक?"

"काल्पनिक, बाई."

"उत्तम. म्हणजे तुम्ही काल्पनिक गोष्टी लिहून कार्यालयात दाखल करता. मग त्याच अक्षरातलं हे यंत्रही काल्पनिक धरावं लागेल. प्रस्ताव रद्द, त्यावर मंजूर झालेला नळही रद्द." त्यांनी पान उलटले. "आणि राक्षस खरा असेल, तर यंत्रालाही मी हात लावत नाही. पण मग नाव द्या. माझे तीन अधिकारी जेवत नाहीत सध्या. उद्या लेखी उत्तर हवं."

आवकराव बाहेर आले. खरे म्हटले तर सहकाऱ्यांचा विश्वासघात. खोटे म्हटले तर मावशींचा नळ गेला, पिंप तर आधीच गेलेले. विज्ञानकथेतले एक खोटे खरे ठरवायचे, तर अद्भुतकथेतला राक्षस खरा करावा लागत होता, आणि राक्षस खरा करायचा तर त्याला कुणाचे तरी नाव द्यावे लागत होते. मास्तरांच्या सूत्रात या उदाहरणाचे उत्तर नव्हते.

संध्याकाळी ते बादल्या घेऊन वर गेले. मावशी दारातच बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ती राक्षसाची कथा होती. पत्नीच्या हातून ती तिथवर पोचली होती.

"बसा जरा," मावशी म्हणाल्या. "काय छान लिहिलंय हो! मला एकटीला इतकं हसू आलं. तुम्ही स्वतःची फार छान नक्कल करता."

"माझी?"

"तर! मी आले होते ना तुमच्या खिडकीवर, नळासाठी अर्ज घेऊन. मी म्हटलं, अहो, मी वरची मावशी. तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'मावशी, इथे मी शेजारी नाही. खिडकी बंद झाली. उद्या या.' मग दुसऱ्या दिवशी आले. मग पुन्हा आले. तुम्ही तेच. शेवटी म्हटलं, जाऊ दे, बादली बरी." मावशी हसल्या. त्या हसण्यात रागाचा मागमूसही नव्हता, आणि तेच आवकरावांना सोसवेना. "दुसरं कुणी असतं तर लपवलं असतं. तुम्ही आपलं उघड लिहून टाकलंत. शिंगंसुद्धा लावून घेतलीत. मोठं मन लागतं त्याला."

आवकरावांना आठवत नव्हते. हीच त्यांच्या लाजेची कमाल होती. त्यांनी मेंदू पिंजून काढला, पण खिडकीपुढे उभ्या असलेल्या मावशी त्यांना काही केल्या दिसेनात, कारण त्यांनी त्या वेळी पाहिलेच नव्हते. राक्षसाचे ते वाक्य त्यांना कुठून सुचले, याचे त्यांना नवल वाटले होते; कल्पनाशक्तीचा प्रताप म्हणून त्यांनी स्वतःची पाठही थोपटली होती. आता कळले की सबंध कथेत ती एकच गोष्ट कल्पनेची नव्हती.

त्यांनी बादल्या आत ठेवल्या. कान इतके तापले होते की त्यांवर चहा उकळावा. ते खाली उतरले, टेबलाशी बसले आणि आयुष्यातील सर्वांत लहान लेखन त्यांनी एका दमात पुरे केले.

'महोदया, सदर राक्षस खरा असून तो आवक खिडकीवर कार्यरत आहे. खाली सही करणारा तोच होय. शिंगे व शेपूट सोडून इतर सर्व वर्णन जागेशी जुळते. अन्य कोणत्याही अधिकाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.'

पत्नीने ते वाचले आणि नवऱ्याकडे पाहिले. "लग्नाआधी बाबांनी तुमची एवढी चौकशी केली होती," ती म्हणाली, "पण हे कुणीच सांगितलं नाही." मग तिने त्यांच्या कमरेला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. त्या पिशवीत काय काय भाव होते, ते शब्दांत सांगण्याची प्रस्तुत लेखकाची पात्रता नाही.

मोठ्या बाईंनी उत्तर वाचले. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हालचाल झाली, परंतु अधिकारी व्यक्तीचे ओठ म्हणजे काही पुरावा नव्हे. तक्रारदार आणि आरोपी एकच असल्याने चौकशी तत्काळ संपली. निकालपत्रक सूचनाफलकावर लागले आणि ते वाचायला इतर विभागांतूनही लोक आले. 'सदर राक्षसाने आपला दोष लेखी मान्य केला असल्याने त्यास सक्त समज देण्यात येत आहे. यापुढे राक्षसाने खिडकीच्या वेळेत आलेल्या सर्व इसमांकडे पाहून बोलावे.' हेडक्लार्कांनी त्या दिवशी दोन माणसांचे जेवण एकट्याने केले. भांडारपालाने आवकरावांना मिठी मारली. मीटर विभागाचे प्रमुख मात्र किंचित खट्टू दिसले. रात्रभर जागून कबूल करायची तयारी केली आणि पद दुसऱ्यालाच गेले, असे काहीसे त्यांचे झाले असावे.

दोन्ही कथा कार्यालयाचे दस्तऐवज ठरल्या आणि त्या छापता येणार नाहीत, असे आवकरावांना कळवण्यात आले. मासिकाचा विशेष अंक त्यांच्यावाचून निघाला. त्यांनी तो विकत घेतला आणि न उघडता मास्तरांना देऊन टाकला.

नळ मात्र आला. कामगारांनी जिन्याच्या भिंतीला धरून तो वरपर्यंत नेला आणि एका सकाळी मावशींच्या स्वयंपाकघरात पाण्याची धार पडली. यंत्राची फाईल 'विचाराधीन' आहे, आणि कार्यालयात जे एकदा विचाराधीन होते त्याला मरण नसते. मावशींना यंत्राविषयी कुणी काही सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. धार पडू लागली तेव्हा त्यांनी वरून हाक मारून सांगितले, "अहो, आता बादल्या आणू नका!" आणि आवकराव, जे दोन्ही हातांत बादल्या घेऊन वळणावर उभे होते, ते त्या तशाच घेऊन खाली गेले. कंबर वाचली, याचा आनंद त्यांना झाला नाही असे नाही. पण वर जायला आता काही कारण उरले नाही, हे त्यांना थोडे लागले.

कार्यालयात त्यांना राक्षससाहेब हे नाव पडले ते पडलेच. शिपाईही हाक मारतो. पहिल्या पहिल्यांदा त्यांचा चेहरा तांबडा होई. आता फक्त कान होतात.

परवाची गोष्ट. खिडकीची वेळ संपली होती. आवकरावांनी शिक्का पुसून डबीत ठेवला होता आणि खिडकीच्या दाराला हात घातला होता. तेवढ्यात समोर एक बाई धापा टाकीत येऊन उभी राहिली. अनोळखी होती. हातात घडी घातलेला कागद.

"झाली का वेळ?" तिने विचारले. "मी उद्या येऊ का?"

तिने ते स्वतःच म्हटले होते. आवकरावांनी नुसती मान हलवली असती, तरी चालले असते. कोणत्याही नियमाचा भंग झाला नसता. आत हेडक्लार्क टॉवेल झटकून घरी निघाले होते.

आवकरावांनी मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिले. मग डबी उघडली.

"द्या इकडे," ते म्हणाले. "आणि कुठल्या मजल्यावर राहता, ते आधी सांगा."

येणेप्रमाणे प्रश्नाचा निकाल लागला असे समजावे: विज्ञानकथेने मनुष्याची कंबर जाते आणि अद्भुतकथेने तोंड लपवायला जागा राहत नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापली कंबर आणि आपापले तोंड पाहून लेखणी हाती घ्यावी. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण बेताचे असल्याने भाषेत कुठे जडपणा राहिला असल्यास तो सोसून, इथवर सोबत आलेल्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
आवकरावांच्याच इमारतीच्या तळमजल्यावरचा घड्याळजी